बेनेडिक्ट कासवाची कोरडी शिस्त

९ सप्टेंबर, संध्याकाळ
आज एक जीव वाचवला. रोजच्या पावसाने घरामागचे मोठे गटार भरून वाहत होते आणि त्यात एक लहान कासव बुडत होते. छत्रीच्या वाकड्या मुठीने काठाला ओढले. ते पुन्हा पाण्यात शिरले. पुन्हा ओढले, पुन्हा शिरले. भीतीने बिचाऱ्याला दिशा कळेनाशी झाली होती. शेवटी चप्पल काढून उतरले आणि धरले. चहाच्या बशीएवढे आहे. फिलोमिना मागच्या दारात उभी राहून सगळे बघत होती. तिचे म्हणणे, ते बुडत नव्हते, पोहत होते. ही माझी धाकटी बहीण नवरा वारल्यावर माझ्याकडे राहायला आली, त्याला बरीच वर्षे झाली. माझ्या एकाही म्हणण्याला तिने अजून सरळ होकार दिलेला नाही.

नाव ठेवले बेनेडिक्ट.

१० सप्टेंबर
ओळख पटली. धर्मशिक्षणात पहिली आल्याबद्दल कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी दिलेला प्राणिकोश अजून माझ्या कपाटात आहे. त्यातले चित्र स्पष्ट आहे. पाठ घुमटासारखी म्हणजे जमिनीवरचे कासव. पाण्यातले चपटे असते. विषय संपला.

डोक्यावर पिवळे पट्टे आहेत, ते चित्रात नाहीत. गटारातला रंग असणार. जुना टूथब्रश आणि अंगाचा साबण घेऊन घासले. निघत नाहीत. कुणीतरी उत्तम प्रतीचा ऑइलपेंट वापरला आहे. बोटांच्या मध्ये थोडे कातडेही आहे. कोवळे वय. चालण्याची सवय लागली की झिजेल.

व्यवस्था: बुटांचे खोके, कोरडी वाळू, वर टेबललॅम्प. दोन वेळा लेट्यूस. पाणी बाटलीच्या झाकणात, तेही चमचाभर. इतके दिवस गटारात काढल्यावर आता त्याला कोरड्या शिस्तीची गरज आहे.

११ सप्टेंबर
विलक्षण प्राणी. मी बोलायला लागले की डोके आत, पाय आत, शेपूट आत, आणि पोटाकडची झडप पुढून मागून बंद. डबीच होते. चाळीस वर्षे मुलांना शिकवले, पण इतक्या एकाग्रतेने ऐकणारे कुणी पाहिले नाही. आज त्याला पोपटांचे धर्मांतर करू पाहणाऱ्या आमच्या जुन्या मदर सुपीरियरची गोष्ट सांगितली. शेवटपर्यंत हलला नाही.

संकल्प: महिन्याभरात तो माझ्या हाकेला डोके बाहेर काढील. एवढेच मागणे आहे. फार नाही.

१४ सप्टेंबर
लेट्यूस खात नाही. फिलोमिनाने कोळंबी देऊन बघू म्हटले. मी नकार दिला. जमिनीवरची कासवे शाकाहारी असतात आणि मांसाहाराने स्वभाव बिघडतो, हे तिला समजावून सांगितले. तेव्हा ती कोळंबीचेच कालवण ढवळत होती. तिने चुलीकडूनच विचारले, मग आपला स्वभाव कशाने बिघडला. 

१७ सप्टेंबर
आमच्या कॉन्व्हेंटच्या जुन्या मुली चहाला आल्या होत्या. (मुली! डोलोरेस ऊईचे दोन्ही गुडघे नवे आहेत.) डोलोरेसने खोक्यात डोकावून सर्वांदेखत सांगितले की हे बॉक्स टर्टल आहे, आपल्याकडच्या ओढ्यांत आणि भाताच्या शेतांत असतेच, आणि लहान असताना तर ते जवळजवळ सगळा दिवस पाण्यात काढते. वर म्हणाली, "रेजिना, तू या बिचाऱ्याला खारवायला ठेवलंयस का?" सगळ्या हसल्या. माझाच केक खात हसल्या.

डोलोरेस निसर्ग-अभ्यासात जेमतेम पास झाली होती. ते जेमतेमही माझ्या वहीतून. मी तिच्या शेजारी बसायचे, मला माहीत आहे.

नंतर तिने ग्रुपवर तसल्याच पिवळ्या पट्ट्यांच्या कासवाचा फोटो टाकला. म्हणजे ऑइलपेंटवाल्याने आणखी एक रंगवले आहे. निषेध म्हणून ग्रुप सोडला.

१८ सप्टेंबर
ग्रुपमध्ये परत गेले. मी बाहेर पडल्याचे कुणाच्या लक्षातच आले नव्हते, त्यामुळे निषेधाला अर्थ उरला नव्हता.

२० सप्टेंबर
बेनेडिक्टचे डोळे खोल गेले आहेत. उघडतही नाही. मानेचे कातडे सुकल्यासारखे. हा उपास आहे, अशक्तपणा नव्हे. मीही दरवर्षी ईस्टरच्या आधी, लेंटमध्ये करते. मला काळजी वाटत नाही. आज दातांची कवळी बसवायच्या आधी खोके बघायला गेले, ते केवळ वाटेत होते म्हणून.

फिलोमिना म्हणाली, "अक्का, तो मरेल. त्याला पाण्यात ठेव."

मी म्हटले, जमिनीवरचा प्राणी पाण्यात टाकला तर मी खुनी ठरेन. ती झाकणातले चमचाभर पाणी बघत राहिली. तिने असे बघितले की मला जास्त राग येतो. दुपारी झोप नीट लागली नाही. पण लागली.

२३ सप्टेंबर
कोरड्या शिस्तीचा विजय! डोळे टपोरे, मान चकचकीत, उचलल्यावर पायांनी हात ढकलतो. लेट्यूस जसेच्या तसे दिसते, म्हणजे इतके नीटनेटके खातो की कळत नाही. डोलोरेसला सविस्तर कळवले. तिने नुसता अंगठा पाठवला.

दोन किरकोळ तक्रारी. पहिली, बेनेडिक्टच्या अंगाला कोळंबीचा वास येतो. घरात रोज तेच शिजत असल्यावर दुसरे काय होणार. दुसरी, दुपारी झोपून उठते तेव्हा न्हाणीघरातले प्लास्टिकचे घमेले रोज ओले असते आणि फरशीवर थेंब. फिलोमिना म्हणते, तांदूळ धुतले. रात्री जेवायला चपात्या होत्या. कोणते तांदूळ धुते देव जाणे.

२६ सप्टेंबर
चर्चच्या अंगणात ४ तारखेला, संत फ्रान्सिसच्या दिवशी, दरवर्षीप्रमाणे पाळीव प्राण्यांना आशीर्वाद आहे. फादर चिन यांना फोन करून सांगितले की मी बेनेडिक्टला आणते आहे आणि पाच मिनिटे बोलणार आहे. ते म्हणाले, कार्यक्रमात भाषण नसते. मी म्हटले, आता आहे. पवित्र पाणी बेनेडिक्टवर शिंपडू नये, हेही बजावले. पाण्याशिवाय आशीर्वाद कसा द्यायचा हा प्रश्न त्यांना पडला. कोरडा हात फिरवा म्हटले. फादर तिसरीत असताना मीच त्यांना गणित शिकवले आहे, तेव्हा त्यांनी वाद घातला नाही.

डोलोरेस पूडल आणणार आहे. त्याच्या डोक्यावर फीत असते. त्या कुत्र्याची मला मनापासून कीव येते.

२८ सप्टेंबर
संकल्पाचा अर्धा महिना सरला. हाकेला अजून डोके बाहेर येत नाही.

मात्र एक विचित्र गोष्ट पाहिली. फिलोमिनाच्या सपातांचा फट्फट् आवाज आला की बेनेडिक्ट झडप उघडतो, मान लांब करतो आणि खोक्याच्या भिंतीवर चढू बघतो. मी "बेनेडिक्ट" म्हटले की बंद. ती फट्फट, उघडा. मी हाक, बंद. सपातांनी तो बिथरतो हे उघड आहे. मला बघून बंद होतो तो आदर.

संध्याकाळी फिलोमिना भाजी आणायला गेली असताना तिच्या सपाता पायांत घालून खोक्यासमोरून चालले. शास्त्रीय प्रयोग म्हणून. त्याने मान बाहेर काढली, वर माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि बंद झाला.

सपाता जागेवर ठेवल्या.

२ ऑक्टोबर
भाषण तयार. नाव: 'कोरडी शिस्त'. फिलोमिनाला वाचून दाखवले. ती मध्येच उठून न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ आली नाही. भारावून गेली असावी. हसण्यासारखे काही आवाज आले, पण ते नळाचे असतील.

४ ऑक्टोबर, दुपार
आजचे जसे झाले तसे लिहिते.

चर्चच्या अंगणात टेबल. टेबलावर पवित्र पाण्याचे मोठे घमेले. भोवती कुत्री, मांजरे, दोन कोंबडे, डोलोरेसचा फीतवाला. मी बेनेडिक्टला दोन्ही हातांनी उंच धरून भाषण सुरू केले. तो अर्थात बंद. कोरडेपणाचे तिसरे वैशिष्ट्य सांगत होते तोच त्याने एकदम झडप उघडली आणि चारही पाय मारायला लागला. माझ्या मनगटाला नखे लागली. हात सुटला.

थेट घमेल्यात.

मी किंचाळले. मान्य आहे. "फादर, तो जमिनीवरचा आहे, बुडेल!" असे म्हणाले. फादर चिननी झग्याच्या बाह्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात घातला. बेनेडिक्ट त्यांच्या हाताखालून निघून गेला. गोल फेरी. दुसरी फेरी. मग मधोमध थांबून, पिवळे पट्टे वर काढून, पवित्र पाणी पिऊ लागला. असा आनंदी प्राणी त्या अंगणात दुसरा नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पूडल भुंकला. डोलोरेसने नुसता अंगठा दाखवला. 

गर्दीतून मांजर कडेवर घेतलेली एक बाई पुढे आली. मिस जोसेफिन लावाई, वन्यजीव खात्यात आहे. ती म्हणाली, हे बॉक्स टर्टलच, आणि परवान्याशिवाय घरी ठेवता येत नाही. मंगळवारी आणून द्या, ओढ्यात सोडू. मग त्याला उलटेसुलटे करून म्हणाली, तब्येत छान आहे, रोज पाण्यात कोण ठेवते?

फिलोमिना माझ्याकडे बघत होती. मी फिलोमिनाकडे. तिने सरळ सांगितले, "अक्काच करते सगळं."

मी 'हो' म्हटले. लिहिताना अजून कान गरम आहेत.

५ ऑक्टोबर
फिलोमिनाला विचारले. रोज दुपारी, मी झोपले की, घमेल्यात तासभर. कोळंबी, गांडूळ, कधी गोगलगाय. मी म्हटले, मला संशय होताच. ती म्हणाली, हो अक्का. तिच्या या 'हो अक्का'वर बंदी घालायला हवी.

आज बेनेडिक्टला दिवसभर घमेल्यात ठेवायला परवानगी दिली. उद्या सकाळी शेवटची हाक मारणार. महिना पुरा व्हायला अजून अवकाश आहे.

६ ऑक्टोबर, सकाळ
फिलोमिनाला मदत म्हणून कोळंबी सोलत होते, त्याच हातांनी घमेल्याशी बसले. हाक मारायची होती. बरेच काही सांगायचे होते: वाहनांपासून दूर राहा, अनोळखी छत्र्यांच्या जवळ जाऊ नकोस. पण एकही शब्द निघाला नाही. बोट पाण्यात बुडवून नुसती बसून राहिले. आयुष्यात एवढा वेळ मी गप्प बसलेली नाही.

झडप हलली. आधी नाक, मग पट्टे, मग पूर्ण मान. माझ्याकडे आला. अगदी बोटापर्यंत आला. मला फिलोमिनाला हाक मारायची होती, पण मी श्वासही घेतला नाही.

मग कडकडून चावला.

फिलोमिना धावत आली. "अक्का, हलू नकोस, ओढू नकोस. आपोआप सोडेल."

हलले नाही. तिला वाटले वेदनेने. मला घाई नव्हती.

सोडले शेवटी.

६ ऑक्टोबर, संध्याकाळ
दिला. मिस लावाईने ओढ्याच्या काठाला, गवतात सोडला. त्याने मागे वळून बघितले नाही. मीही त्याला वळायला सांगितले नाही. मिस लावाईने बोटाच्या पट्टीकडे पाहून चौकशी केली. भाजी चिरताना, असे सांगितले. कोरड्या शिस्तीत असताना तो मला एकदाही चावला नव्हता, हे इथे नोंदवून ठेवते.

७ ऑक्टोबर
फिलोमिनाने विचारले, घमेल्यातले पाणी ओतून टाकू का, डास होतील, डेंग्यूचे तपासणीवाले दंड करतात. मी म्हटले राहू दे. तपासणीवाले आले तर मी बोलेन त्यांच्याशी.