किल्ल्यातल्या बाईंना ‘येतो’ म्हटलं

बुधवार, १४ जून २००६. बुकित तिमाह

इटलीत गेल्या महिन्यात जो किल्ला पाहिला, त्याच्या मालकीणबाईंचं पत्र आलंय. त्यांचं सरदार घराणं अजून तिथेच राहतं. निघताना विनय सवयीने ‘येतो हं’ म्हणाला, तेही इंग्रजीत. वुई विल कम. कुणाच्या घरातून ‘जातो’ म्हणून कसं निघायचं? बाई विचारतात, कधी येताय? बुरुजावरची खोली झाडून ठेवलीय. साधी नाही, बुरुजावरची.

लेक इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “बाबा, जस्ट से बाय-बाय लाह.”

विनय मला म्हणाला, “तूच कळव बाई.”

तासभर बसून लिहिलं, आमच्यात ‘येतो’ म्हणजे जातो, वाट पाहू नका. पत्र पेटीत पडल्यावर आठवलं, सहीच्या वर निरोपाची ओळ मीही तीच लिहिलीय. वुई विल कम.