गोकर्णाहून परत आणलेली माती

चाकूर,
सोमवार

प्रिय अमृतराव,

'प्रिय' लिहून टाकलं आहे आणि आता खोडणार नाही. तुमच्या किशनरावमामांनी लग्नाची विचारणा आणली तेव्हा मी सांगितलं होतं, आमच्या सासूबाईंना, गुरम्मा आत्याबाईंना गोकर्णाला नेऊन आणते, मग उत्तर देते. तुम्हाला वाटलं असेल, बाई टाळते आहे. कॉलेजात इतकी वर्षं बरोबर काढून तुम्ही मला एवढंच ओळखलंत? टाळायचं असतं तर मामांना चहासुद्धा मिळाला नसता. पण माझे यजमान वीरभद्र गेल्यापासून या सासूला माझ्याशिवाय कोणी नाही. तिला एकटी टाकून लातूरला तुमचा संसार मांडायला मी येणार नाही, हे पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. अडलं होतं ते तेवढ्यावरच.

इकडचं काय सांगू? विहिरीत बादली सोडली की दगडावर आपटल्याचा आवाज येतो. टँकरचा भोंगा वाजला की भरल्या वर्गातून पोरं घागरी आणायला पळायची, आणि मी मास्तरीण असून त्यांना अडवत नव्हते. लातूर जिल्हा झाला म्हणून ज्यांनी चौकात पेढे वाटले, तेच आता विचारतात, जिल्हा आला, पाणी कधी येणार? तुम्ही नांदेडहून बदलून त्या नव्या कचेरीत बसला आहात, तेव्हा उत्तर तयार ठेवा. तर असल्या उन्हाळ्यात आत्याबाईंनी गोकर्णाचा हट्ट धरला. शेजारच्या कस्तुराबाई तिथल्या समुद्रात मालकांची रक्षा सोडून आल्या आणि 'सुटला बाई माझा धनी' असं गावभर सांगत फिरल्या. ते यांच्या मनात बसलं.

शाळेला सुट्टी लागताच निघालो. हुबळीपर्यंत आगगाडी, पुढे घाटातून बस. आत्याबाईंनी पदराखाली एक पुरचुंडी घट्ट धरली होती. मला वाटलं, विभूती असेल. धर्मशाळेत त्यांनी अर्ध्या बादलीत आंघोळ उरकली आणि उरलेलं पाणी अंगणातल्या नारळाच्या बुडाशी नेऊन ओतलं. तिथला म्हातारा कानडीत हसून म्हणाला, अव्वा, इथं झाडाला कोणी पाणी घालत नाही. आत्याबाईंना ते खोटंच वाटलं. तिथल्या देवळात महाबळेश्वराच्या दर्शनाला जाण्याआधी आम्ही समुद्रावर गेलो. एवढं पाणी बघून त्यांनी डोळ्यांवर हात धरून पार टोकापर्यंत नजर टाकली. मग देवावरच चिडल्या, "हितं ठेवलंय व्हय समदं!"

गुडघाभर पाण्यात गेल्यावर त्यांनी पुरचुंडीची गाठ सोडली. आत माती होती, आपल्या शेतातली, वीरभद्राच्या समाधीवरची काळी माती. मी थक्क झाले. आपल्या लिंगायतांत कुठली आलीय रक्षा? आपण माणसाला हातात इष्टलिंग देऊन मातीत बसवणारे. तो शिवाला मिळाला, संपलं. मागे सोडायला काही उरत नाही. आमच्या मठाच्या स्वामींना कळलं असतं तर त्यांनी दोघींना धारेवर धरलं असतं. पण ज्या बाईनं एकुलता एक मुलगा मातीत बसवला, तिला मी तिथं धर्म शिकवू? मी त्यांचा दंड धरला. माती सोडण्याआधी त्यांनी सवयीनं ओंजळभर पाणी तीर्थ म्हणून तोंडात घेतलं, आणि थूः करून टाकलं. "खारट! असल्या पान्यात माझ्या लेकराला सोडू? ह्यात काय उगवंल का?" असं म्हणून पुरचुंडीला परत गाठ मारली आणि तरातरा बाहेर आल्या. मला हसू आवरेना. आणि हसता हसता कधी रडायला लागले, ते कळलं नाही.

वाळूत बसल्यावर त्यांनीच विषय काढला. मामा कशाला येऊन गेले ते त्यांना त्याच दिवशी समजलं होतं. चाकुरात अशी गोष्ट झाकून राहते होय! माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "त्यो शेतात बसून हाय, तवर तुझा पाय निघायचा न्हाई. म्हनून त्याला सोडाया आले व्हते, तुला मोकळी कराया. पर जमंना गं मला." अमृतराव, मी त्यांना यात्रा घडवते आहे अशा तोऱ्यात होते, आणि ही बाई माझ्यासाठी आपलं काळीज सोडायला एवढ्या लांब आली होती. मला माझ्या आईनंही असं जपलं नाही. मी म्हटलं, आत्याबाई, त्यांना त्यांच्या शेतातच राहू द्या. मी बघते काय करायचं ते. मग आम्ही कोटितीर्थाच्या तळ्यात न्हालो, दर्शन घेतलं, आत्मलिंगाला हात लावला. घरी आल्यावर माती जिथली तिथं पसरून टाकली.

आता उत्तर. मला तुम्ही हवे आहात. मनापासून हवे आहात. बाईनं दुसऱ्यांदा मांडवात उभं राहणं आपल्यात नवं नाही, त्याची चिंता नको. पण मी लातूरला येणार नाही, तुम्ही चाकूरला राहायला यायचं. सकाळची एसटी आमच्या दारावरून जाते आणि कचेरी उघडायच्या आत लातूरला पोचवते. लोक घरजावई म्हणतील, महिनाभर हसतील, हसू द्या. कबूल असेल तर रविवारी या, नसेल तर नुसतं कळवा, मी राग धरणार नाही. हे सगळं मी आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटी एक ओळ घालायला सांगितली आहे, ती जशीच्या तशी लिहिते: "लेक मी देनार न्हाई. जावई तेवढा घेईन."

तुम्ही आलात तर तुमचीच,
शिवगंगा