गुण आला का?

आई, सध्या मी लोकांना आजारांचे गुण विचारत हिंडते. हसू नकोस. बारावीला गणितात आपटलेली मी, घरोघरी फॉर्म नेते: दिवसभर अंथरुणात, दुखणं कमी, अशा जगण्याला शंभरपैकी किती? कुठला उपचार सगळ्यांना द्यायचा हे ठरवताना नुसतं डॉक्टरांचं चालत नाही, लोकांनाही विचारायचं असतं म्हणे. याआधी कात्रजला सर्पोद्यानाबाहेर कणसं भाजत होते. तिथे एक मांजर होतं, जाऊ दे.

काल सदाशिव पेठेत एक निवृत्त मास्तर भेटले. "पेपर कोणी काढलाय?" मी म्हटलं, तज्ज्ञांनी. "त्यांना आठ दिवस झोपवून ठेवा, मग पाठवा. आणि अहो, अंथरुणात वाचता येतं का, ते लिहिलंच नाहीये. येत असेल तर सत्तर. नसेल तर शून्य." रकाना एकच होता. मी दोन्ही लिहिले, जिना उतरले आणि खाली स्कूटरवर बसून राहिले. रडू वगैरे आलं नाही. तू गेल्यापासून अकरा वर्षांत आलेलंच नाही.

डोळ्यांपुढे तू होतीस: आपल्या खानावळीच्या ओट्याशी उभी आहेस, शेजारी पोळ्यांची चळत, आणि काल तुझा काढा घेऊन गेलेल्या मुलीला विचारतेस, "गुण आला का गं?" मग तुझ्या आजारपणातला तो दवाखाना. डॉक्टर म्हणतात, नवीन इंजेक्शनांनी काही महिने वाढतील, पण अंगात त्राण राहणार नाही. तू एवढंच विचारतेस, "पोळ्या लाटता येतील ना?" "अहो ताई, पोळ्यांचं काय घेऊन बसलात!" मीही हसले. तू तुझं उत्तर देऊन टाकलं होतंस, आम्हाला तो प्रश्न वाटला. बाहेर त्यांनी मला विचारलं, "त्यांची इच्छा काय आहे?" मी म्हटलं, "द्या म्हणाली."

चार महिने मिळाले. लाटणं एकदाही हातात आलं नाही. एका दुपारी माझ्या तोंडाकडे बघत तूच विचारलंस, "गुण येतोय का गं?" मी म्हटलं, येतोय.

हे एका फॉर्मच्या पाठीवर लिहितेय. खराडीच्या ऑफिसात सांगेन, चहा सांडला. कामावर घेताना त्यांनी आम्हालाही फॉर्म भरायला लावला होता. अंथरुणाला मी नव्वद दिले, आई. कमी देववेनात.