रेणुकाचा ठिपका

३ फेब्रु., मुखेड
टीबीचे पेशंट नकाशावर मांडायचं काम. दवाखाना किती लांब, गोळ्या पोचतात का, घरी जाऊन बघायचं. आज सात घरं. शेवटचं रेणुकाचं, वय सतरा. रजिस्टरला ‘उपचार नियमित’, म्हणजे हिरवा ठिपका. जीपीएसचं यंत्र हातात धरून विचारलं, रेणुका कुठंय?
आई म्हणाली, ‘‘लातूरला हाय की, क्लासला. दिवाळीपासून.’’
गोळ्या?
‘‘मीच आणते न् येस्टीत कंडक्टरजवळ देते.’’ मग दारापर्यंत येऊन हळूच, ‘‘हॉस्टेलात सांगू नका बाई. काढून टाकतेत पोरीला.’’
ठिपका टाकला नाही.

४ फेब्रु., नांदेड
साहेबांना सांगितलं. ‘‘घर जिथं, ठिपका तिथं. पुढचं आपल्याकडं नाही.’’ भूकंपानंतर आमचं गाव तीन कि.मी. लांब नव्यानं वसवलं, तरी लसीची यादी कितीतरी दिवस जुन्याच घरांची होती. हे बोलायचं होतं. त्याऐवजी रजेचा अर्ज लिहिला.

६ फेब्रु., लातूर
रजा टाकून आले. हॉस्टेलवर मावशी म्हणून नाव सांगितलं. एका खोलीत सहा जणी. रेणुका खाली आली. हडकलेली. फाटकाबाहेर नेऊन मी कोण ते सांगितलं.
‘‘गोळ्या खातेस?’’
‘‘खाते. खोलीत कोणी नसलं की.’’
‘‘आणि खोलीत कोणी नसतं कधी?’’
‘‘परीक्षा होऊ द्या मॅडम. मग रोज खाते.’’
‘‘आणि बाकीच्या पाच जणी?’’
रडली. उद्या दहाला सरकारी दवाखान्यात ये म्हटलं, नाही आलीस तर हॉस्टेलला सांगावं लागेल. धमकीच दिली सतरा वर्षांच्या पोरीला. दुसरं काय करणार होते?

७ फेब्रु., लातूर
दहा. साडेदहा. ऑटो थांबला की मी उठायची. नर्सबाई म्हणाल्या, ‘‘आमच्या यादीत नाव न्हाई, मुखेडहून कागद लागंल.’’ कागद मी आणते, गोळ्या आधी सुरू करा, असं दोनतीनदा म्हटल्यावर ‘‘बघू’’.
अकराला आली. सोबत खोलीतली वैशाली, अर्धापूरची.
रेणुका खाली बघत म्हणाली, ‘‘हिला सगळं सांगितलं मॅडम. हीबी पंधरा दिवसांपासून खोकायलीय.’’
दोघींची थुंकी तपासायला दिली. वैशालीनं विचारलं, ‘‘घरी कळवणार का?’’ मी फॉर्मवर पत्त्याची ओळ तेवढी कोरी ठेवली.
रिपोर्ट सोमवारी. खोलीतल्या बाकीच्या चौघींना कुणी सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.