गल्लीत पळते, हायवेवर मरते

४ जानेवारी, रविवार
परत तेच. मोहोळच्या अलीकडे गाडी मेली. बंद नाही पडली, पण ओढच गेली. चाळिशीवर रांगत राहिली, मागे काळा, मधूनच निळसर धूर. एक ऊसवाला ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. टर्बो गाडी म्हणे!
शेजारी आप्पा, परीटघडीचं धोतर, मांडीवर आत्यासाठी घेतलेली चादर. सोलापूरहून आत्याकडे नातेपुत्याला निघायची ही तिसरी खेप आणि तिसऱ्यांदा अर्ध्यातून माघारी. आत्या ब्याऐंशीची. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, भाऊ स्पष्ट दिसतो का बघायचंय म्हणते.
“गाडीचं नीट काम झालं की जाऊ, आप्पा.” ऐकू गेलं की नाही, देव जाणे. पस्तीस वर्षं जॉबर म्हणून यंत्रमाग दुरुस्त करत त्या खडखडाटात काढली, त्यात कान गेले.

६ जाने., मंगळवार
गॅरेजवाल्याकडे गेलो. डिसेंबरात टर्बो उतरवून परत बसवला तो यानेच. म्हणतो, “सर, गाडी बरोबर हाय. तुमीच गियर चुकीचा टाकता.”
एकवीस वर्षं गाडी चालवतोय मी! डोकं तापलं. आठवीच्या वर्गात त्याचा राग पोरांवर निघाला. धडा नेमका हवेच्या दाबाचा.
व्यंकटेशला फोन केला. लहानपणापासूनचा दोस्त, जनरेटर दुरुस्त करतो, डिझेलमधलं त्याला कळतं. “रविवारी येतो मास्तर. तवर तू कशाला हात लावू नको बे.”

११ जाने., रविवार
व्यं. पिशवीभर पाने-पक्कड घेऊन आला. दारातच काम. आप्पा खुर्चीवर उन्हाला बसून शेंगा फोडत होते.
टर्बोतून तेल खाली उतरायचा पाइप काढला. पॅकिंगला पेस्ट इतकी थापलेली की आत गोळे होऊन अर्धी वाट बंद. व्यं. तारेने उकरत राहिला.
“कुठल्या गाढवानं केलंय हे!” मी ओरडलो. समोरची म्हातारी गॅलरीत आली. आप्पा शेंगाच फोडत होते.

१५ जाने., गुरुवार
शाळेला गड्ड्याच्या यात्रेची सुट्टी. अख्खं गाव तिकडे, मी गाडी घेऊन हायवेला. निळसर धूर गेला. पण साठच्या पुढे शिट्टी वाजते आणि मग ओढ गायब. गल्लीत मात्र अशी पळते, कुणाला सांगून खरं वाटायचं नाही.
रेखा म्हणाली, विकून टाका. यावरून भांडण. जेवलो नाही. म्हणजे उशिरा जेवलो.

१८ जाने., रविवार
सापडलं! टर्बोच्या कंट्रोलकडे जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी. कंपनीची काळी आणि जाड असते. आमच्या गाडीत पारदर्शक, मऊ नळी. सलाइनची! इंजिनने हवा ओढली की चपटी होते.
व्यं. म्हणाला, “हा मेकॅनिक हाय का कंपाउंडर?” आधी दोघं हसलो. मग माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बरंच बोललो. आंधळा आहे का, असल्याचे हात तोडले पाहिजेत, उद्या जाऊन त्याची गल्लीत शोभा करतो, वगैरे. सगळं मोठ्याने.
आप्पांनी शेंगांचं सूप उचललं आणि आत गेले. ऊन सरकलं होतं.

१९ जाने., सोमवार
शाळा सुटल्यावर गॅरेजवर. नळी त्याच्या टेबलावर आपटली. तो म्हणाला, “पेस्ट माझी. जास्त झाली आसंल, मानतो. पण ह्या नळीला मी हात लावला न्हाय, आईशप्पत.”
“खोटं बोलतोस! लोकांच्या जिवाशी खेळतोस!” पाच-सहा माणसं जमली. एक गिऱ्हाईक आपली गाडी घेऊन निघून गेलं. तो हात पुसत राहिला.
खरं लिहायचं तर मला फार बरं वाटलं.

२५ जाने., रविवार
कसं लिहावं.
नवी नळी टाकली, तरी शिट्टी होतीच. व्यं.ने टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचा जाड रबरी पाइप खोलला. वर काळी टेप. टेप सोलली तर खाली दोरा. सुती दोरा, सरस पाजून लाकडासारखा कडक केलेला. वेढ्याला वेढा लागलेला, एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. खाली पाइपाला बोटभर चीर.
मी सुरूच झालो. “अरे, दोऱ्यानं कुणी टर्बोचा पाइप बांधतं का? ह्या गाढवाला...”
“हळू बे,” व्यं. म्हणाला. दोऱ्याचं टोक माझ्यापुढे धरलं. “गाठ बघ. तुटलेला ताणा सांधायची गाठ हाय ही. आईनं मला चौथीत शिकवली, मागावर बसवून. गॅरेजवाल्याला कुटनं येणार?”
मी खुर्चीकडे पाहिलं. आप्पा शेंगा फोडत होते, अंगठ्याने, एकसारख्या.
सलाइनची नळी तर मीच ओळखायला हवी होती. माझ्या आईच्या शेवटच्या वर्षात बाटल्या मीच बदलायचो. उरलेल्या नळ्यांचं खोकं अजून आप्पांच्या पलंगाखाली आहे.
मागाचा चिरलेला दांडा असा बांधला की वर्षानुवर्षं टिकतो. गाडी दारात उभी करून चालू केली तर पाइपात दाब नसतोच, त्यामुळे त्यांना वाटलं असेल, झालं काम. हायवेला दाब चढला की चीर उघडते.
रेखाला विचारलं. म्हणाली, “दिवाळीनंतर तुम्ही शाळेत गेलात की ते बोनेट उघडून बसायचे. मला वाटलं, तुम्हीच सांगितलंय.”
“मला बोलली का नाहीस?”
“तुम्ही चिडता.”

२६ जाने., सोमवार
झेंडावंदन. गाडीचं काम झालं की जाऊ, हे मीच सारखं म्हणत होतो. त्यांनी काम करून टाकलं, एवढंच.
तीन रविवार काय काय बोललो ते आठवत बसलो. त्यांना ऐकू आलं का? दहा फुटांवर बसलेले. कधी हाक मारून ऐकू येत नाही, कधी आत दूध उतू गेलेलं कळतं.

२९ जाने., गुरुवार
गॅरेजपर्यंत गेलो. तो एका गाडीखाली झोपला होता, नुसते पाय दिसत होते. थांबलो थोडा वेळ आणि परत आलो. भित्रा.

३१ जाने., शनिवार
नवा पाइप, नवे क्लॅम्प. तरी बारीक फुसफुस. व्यं.ने सगळीकडे साबणाचं पाणी मारलं, बुडबुडा कुठेच नाही. माझा संयम संपला, पाना आपटला.
आप्पा उठून आले. “चालू कर. रेस दे जरा.” तळवा पाइपांवरून हळूहळू फिरवत नेला. डोळे मिटलेले. इंटरकूलरच्या खालच्या सांध्यापाशी थांबले. “हितं.”
व्यं.ने तिथे पाणी मारलं. बुडबुडे आले.
“नवा पाइप चांगला हाय,” आप्पा म्हणाले. “माझ्या दोऱ्याला दाब झेपला न्हाय.”
त्यांच्या हाताकडे मला बघवेना.

१ फेब्रुवारी, रविवार
पोचलो! मोहोळ मागे पडलं, पंढरपूर, वेळापूर. नव्वदवर मस्त ओढ, धूर नाही. आत्याने आप्पांचं तोंड दोन्ही हातांत धरून बघितलं. “लई म्हातारा झालास की रे,” म्हणाली. चादर लगेच पांघरून बसली.
येताना बोलायचं ठरवलं होतं. मोहोळपासून तोंड उघडत होतो आणि मिटत होतो.
सोलापुरात शिरलो तसे आप्पाच बोलले. “शिवा, घरी नगं. आदी त्या गॅरेजवाल्याकडं घे.”
गॅरेजवर काय झालं ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. फक्त शोभा करतो म्हणून ओरडलो होतो, त्या रविवारी, दारात.
“नळी माझी, बोलणी त्यानं खाल्ली,” म्हणाले.
शटर खाली होतं. “उद्या जाऊ, आप्पा. मी बोलतो त्याच्याशी.”
“मी येतो.”
 माझी माफी राहिलीच. गाडी लावली तेव्हा त्यांनी मागच्या सीटवरची चप्पल मागितली, ती दिली.
उद्या शाळा अकराला. त्याचं गॅरेज दहाला उघडतं.