झाडाची हरकत नव्हती

३ जानेवारी, सकाळी ६
नोकरी सोडली, लग्नानंतरच्या बारा वर्षांतली नववी. घर बायकोच्या पगारावर चालतंच. अल्बम करायचा. अ‍ॅकूस्टिक, वर्ल्ड म्युझिक. फक्त मी आणि अंगणातला आंबा. आमचं आतून कनेक्शन आहे. बायकोनं बजावलं, झाड माझ्या दादानं लावलंय, तो गेला, आता एवढंच उरलंय त्याचं. ओरखडा जरी उठला तर गाठ माझ्याशी आहे. ओरखडा कशाला उठेल? मित्र आहे तो माझा.

५ जानेवारी
हातांनी वाजवलं. तळवे सोलवटले. झाड अजून लाजतंय.

९ जानेवारी
लाकडी हातोडा आणला. आधी विचारलं, चालेल ना? झाडानं हरकत घेतली नाही. बायको कामावर गेल्यावर दोन तास बडवलं.

१७ जानेवारी
तारा हव्यातच. सहा इंची खिळे, बारा, मागच्या बाजूनं; बायकोला सरप्राइज. विचारूनच ठोकले. पाचवी तार पिळताना तुटली आणि सप्पकन गालावर बसली. चार टाके. डॉक्टरांनी विचारलं, मारामारी कुणाशी? म्हटलं, रियाज.

२ फेब्रुवारी
बायको आठवडाभर माहेरी. तबलजी मित्राला बोलावलं. म्हणाला, आवाज दबका आहे. म्हटलं, साल आड येतेय, काढू. तो म्हणाला, डोकं फिरलंय तुझं. मी हातोडा उगारला. त्यानं हिसकावून माझ्याच खांद्यात घातला. कलावंतांत मतभेद व्हायचेच.

३ फेब्रुवारी
एका हातानं कोयता चालवला. बुंध्याभोवती हातभर रुंद पट्टा सोलला, पूर्ण गोल. अर्धवट काम मला जमत नाही. आतून पाणी सुटलं. गडी भावुक झाला. आवाज मात्र खणखणीत!

९ फेब्रुवारी
बायको आली. पट्टा पाहिला. तोच कोयता घेऊन मागे धावली. झाडावर चढलो म्हणून वाचलो. तिनं माळ्याला आणलं. तो म्हणाला, साल गोल सोलली की मुळं उपाशी मरतात. चार बोटं पट्टी उभी ठेवली असती तरी जगलं असतं. ती खालीच मातीत बसली आणि रडली. माळी निगेटिव्ह माणूस.

१० मे
पानं गळतायत. छान परकशन मिळतंय. ती रोज सकाळी बुंध्याला पाणी घालते. माझ्याशी बोलत नाही.

२१ ऑगस्ट, दुपार
झाड वठलं. आज तोडणारा आला. करवत लावण्याआधी त्यानं विचारलं, एवढं चांगलं झाड, मेलं कशानं?
म्हटलं, कीड लागली.
मागून बायको म्हणाली, हो. बारा वर्षं मीच पोसतेय तिला.