तिसऱ्या मशीनचा आवाज

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्यापासून काय लपवायचं? मोज्यांच्या कारखान्यातली माझी नोकरी गेली. ऑर्डरी कमी झाल्या म्हणून मालकांनी आम्हा दोघा फिटरना काढून टाकलं. हिला सांगितलं तेव्हा हिने नुसता गॅस बारीक केला आणि खाली बसली. पुढचं घरभाडं कुठून द्यायचं कळत नाही.

बेकारभत्त्यासाठी अर्ज कर, असं सगळे म्हणतात. पण धडधाकट माणसाने सरकारपुढे हात पसरायचा म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं होतं गं. भाऊजींना एवढ्यात सांगू नकोस. बाकी ठीक. माझ्यावर माया असू दे.

तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून जीव खालीवर झाला. यांना मी सांगून टाकलंय. माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुला नव्याने सांगायला नको. तर यांचं म्हणणं असं, की तुझ्या पगारातून दर महिन्याला जी कपात व्हायची, त्यातलीच थोडी या भत्त्यासाठी जमा व्हायची. विम्याचे पैसे घेणाऱ्याला तू कधी भिकारी म्हणालास का? मग?

राजीनाम्यावर मात्र सही करू नकोस. कामावरून कमी केलं, असंच त्यांच्याकडून लिहून घे. आणि दाढी करून जा. तुझे ते खुंट बघून कोणीही दार लावून घेईल! वहिनीला जप.

तुझी,
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दाढी करून गेलो. भत्ता कार्यालयातल्या बाई चांगल्या होत्या. या आठवड्यात काही काम केलंत का, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, की रोज कारखान्यात जातो. बाईंनी पेन खाली ठेवलं.

अगं, कारखाना समोरच. तिसऱ्या मशीनचा आवाज थेट आमच्या स्वयंपाकघरात येतो. तो जरा भरड झाला, की सुया बिघडल्या, हे मला जेवता जेवता कळतं. ते मशीन मीच बसवलंय. सुपरवायझर फाटकातून हाक मारतो, मी जातो, दुरुस्त करतो, चहा पितो, परत येतो. पैसे कसले मागायचे?

बाई म्हणाल्या, रोज कामावर जाणारा माणूस बेकार कसा? अर्ज अडकला. ही डबा उघडून उरलेले तांदूळ बघत बसते, आणि तेच जास्त लागतं. काय करू ते कळव. मी वाट पाहतो.

तुझा,
धाकटा

२५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अरे शहाण्या, तुझी गरज नाही म्हणून मालकाने तुला काढलं ना? मग रोज बोलावतो कशाला, तेही एका कप चहावर? माझं डोकंच फिरलं. तू तिकडे फुकट राबतोस आणि वहिनी घरी डब्यातले तांदूळ बघत बसते. तिचा विचार कर.

सुपरवायझरला सरळ सांग, कामावर परत घ्या, नाहीतर हाक मारू नका. रागावले आहे, पण तुझीच आहे.

ताई

३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसं सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, मालकांना विचारतो. उत्तर काही आलं नाही.

परवा सकाळी आवाज भरड व्हायला लागला. सुपरवायझर फाटकात येऊन आमच्या खिडकीकडे बघत उभा राहिला. माझा हात हत्यारांच्या पिशवीकडे गेला होता. ही दारात आली. अडवलं नाही, नुसती उभी राहिली. मी खाली बसलो. दुपारपर्यंत मशीन धडपडत होतं, मग बंद पडलं. शेजारच्या नळाचं पाणी ऐकू यावं इतकं शांत झालं. ताई, मी हिच्यासमोर लहान मुलासारखा रडलो. माझ्या हाताखाली ते मशीन असं कधी बंद पडलं नव्हतं.

आज कार्यालयात गेलो. बाईंनी पुन्हा तेच विचारलं, या आठवड्यात काही काम केलंत का. मी नाही म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं. आता भत्ता सुरू होईल म्हणाल्या. घरभाड्याची सोय झाली, ही आज पोटभर जेवली.

नोकरी जाऊन महिना होऊन गेला, पण मी बेकार आहे हे मला आज पहिल्यांदा कळलं. डोक्यावर हात असू दे.

तुझा,
धाकटा